घास कुठे अडतो

उष्टावणाच्या दिवशी मामा चांदीच्या चमच्याने बाळाच्या ओठांना खीर लावतो आणि बाळ जीभ पुढे काढून ती खीर हनुवटीवर लोटून देतं. सगळे हसतात, फोटो निघतात. त्या लोटण्याचा खिरीच्या चवीशी काही संबंध नसतो. जिभेवर दुधापेक्षा घट्ट काही आलं की ते बाहेर ढकलायचं, ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळ जन्मतःच घेऊन येतं आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान ती हळूहळू ओसरते. वरचं अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामागे इतर कारणांबरोबर तोंडाची ही तयारीही आहे. पण आणखी काही महिन्यांनी तेच बाळ तशीच जीभ काढून मऊ भात बाहेर टाकू लागलं, की घरात कोणी हसत नाही. मग सुरू होतं, "नाटकं करतोय," "दृष्ट लागलीय," आणि थोड्या दिवसांनी, आवाज खाली आणून, "हिला भरवताच येत नाही."

या विषयात आपल्या घरांत दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. ठणठणीत मुलाची बेताची भूक आपण आजार समजतो. आणि ज्याला खरंच गिळता येत नाही किंवा गिळताना दुखतं, त्याच्या नकाराला हट्ट म्हणतो. दोन्हीकडे आपलं लक्ष वाटीत किती उरलं याकडे असतं. मूल "नाही" म्हणतं तेव्हा ते काहीतरी कळवत असतं. ते काय, हे आधी समजून घ्यायला हवं. भरवण्याची युक्ती त्यानंतर.

गिळण्याची क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते की तिच्यात अवघड काय असणार, असंच वाटतं. प्रत्यक्षात पंचवीसहून अधिक स्नायू आणि मेंदूतून निघणाऱ्या अनेक नसा तिच्यात एका ठरावीक क्रमाने काम करतात. घशात हवेची वाट आणि अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. त्यामुळे घोट उतरताना श्वास क्षणभर थांबावा लागतो, स्वरयंत्र वर उचललं जावं लागतं आणि श्वासनलिकेचं तोंड मिटावं लागतं. तान्हं बाळ चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ दर घोटाला घालत असतं. गर्भाचे साधारण ३४ आठवडे भरेपर्यंत हा मेळ नीट बसत नाही. म्हणून तिसाव्या-एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला नाकातून किंवा तोंडातून नळी घालून दूध द्यावं लागतं आणि पुढे वाटी-चमचा किंवा बोंडल्याने हळूहळू सुरुवात होते. अशा बाळाला "ओढतच नाही, आळशी आहे" म्हणणं म्हणजे त्याच्या मेंदूकडून अजून न झालेलं काम मागणं.

यानंतरचा टप्पा चघळण्याचा, आणि तिथे आपल्याकडच्या शहरी घरांत मिक्सर आडवा येतो. सहाव्या महिन्यात खिमट, नाचणीचं सत्त्व, गाळलेलं वरण हे ठीकच. आठव्या-नवव्या महिन्यात मात्र बोटाने कुस्करलेला, कण जाणवणारा घास तोंडात यायला हवा. जिभेने घास एका बाजूला सरकवायचा, हिरड्यांनी दाबायचा आणि पुन्हा मध्ये आणायचा, हे कौशल्य सरावाशिवाय येत नाही. शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ रोनाल्ड इलिंगवर्थ यांनी १९६४ साली एका सहलेखकासोबत यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मूल चावायला तयार होतं त्या काळात चावण्याजोगं काही मिळालं नाही, तर पुढे ते शिकवणं फार अवघड जातं. इंग्लंडमध्येच ब्रिस्टलच्या परिसरात १९९१-९२ साली जन्मलेल्या हजारो मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यात दहाव्या महिन्यानंतरच कण असलेलं अन्न मिळालेल्या मुलांमध्ये खाण्याच्या तक्रारी जास्त दिसल्या, आणि सातव्या वर्षीही ती मुलं फळं-भाज्या कमी खात होती. अडीच वर्षांच्या मुलाचं सगळं जेवण मिक्सरमधून काढणाऱ्या आया मायेपोटीच तसं करतात, यात शंका नाही. पण त्या मायेने त्याच्या जिभेची शाळा बुडते.

मिक्सर सोडायला आई घाबरते ती ठसक्याला. इथे एक फरक ओळखता यायला हवा. लहान बाळाची उबळ जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावरून सुरू होते. वाढत्या वयात ती जागा मागे सरकते. त्यामुळे कण लागताच बाळ "ऑक्" करतं, चेहरा लाल होतो, डोळ्यांत पाणी येतं आणि घास बाहेर येतो. दिसायला हे भीतीदायक असलं तरी ते संरक्षण आहे. अशा वेळी तोंडात बोट घालू नये. खरा गुदमरा बहुधा आवाज करत नाही: खोकला फुटत नाही, रडू फुटत नाही, ओठ निळे पडू लागतात. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं आणि सीताफळाच्या बिया चिमुरड्यांपासून दूर ठेवायच्या त्या यासाठी. आपल्या देशात लहान मुलांच्या श्वासनलिकेतून दुर्बिणीने काढाव्या लागणाऱ्या वस्तूंत शेंगदाणा फार वरच्या क्रमांकावर आहे. पण शेंगदाण्याची भीती मऊ भाताच्या शितावर काढू नये.

आता पहिल्या चुकीकडे. "पहिल्या वर्षी छान खायचा हो, आता तोंडच उघडत नाही," ही तक्रार मूल वर्षाचं झालं की घरोघरी ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची जी मानकं प्रसिद्ध केली, त्यातले आकडे पाहावेत. मुलग्याचं मधलं वजन जन्माच्या वेळी ३.३ किलो, वर्षाअखेर ९.६ किलो आणि दोन वर्षांचं होताना १२.२ किलो. म्हणजे पहिल्या वर्षात सव्वासहा किलोंच्या आसपास वाढ आणि दुसऱ्या वर्षात अडीच किलोंच्या थोडी वर. वाढीचा वेग निम्म्याहून कमी होतो, तशी भूकही बसते. आजीच्या हिशेबात मात्र मूल मोठं झालं म्हणजे वाटीही मोठी व्हायला हवी. ही मानकं ठरवताना ज्या सहा देशांतली मुलं मोजली, त्यांत दिल्लीतलीही होती. त्यामुळे "ते गोऱ्यांचे आकडे" असं म्हणून ती बाजूला सारता येत नाहीत.

शिवाय मूल जेवणाचा हिशेब एका ताटाचा ठेवत नाही. लिआन बर्च या अमेरिकी संशोधिकेने १९९१ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं दिवसभराचं खाणं मोजून दाखवलं. एकेका जेवणातली ऊर्जा सरासरी एक-तृतीयांशाने खालीवर होत होती. पण पूर्ण दिवसाच्या बेरजेतला फरक जेमतेम दहा टक्क्यांचा होता. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी भरून काढत होतं. आपण मात्र सकाळच्या उरलेल्या उपम्यावरून दिवसभर काळजी करतो.

याही आधीची, १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातली, क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंची गोष्ट मला फार आवडते. नुकतीच अंगावरून तुटलेली १५ बाळं त्यांनी एकत्र वाढवली. दर जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांतून साधे, कमीत कमी प्रक्रिया केलेले पदार्थ पुढे यायचे. यादीत असे एकूण ३४ पदार्थ होते. परिचारिकेने हातात चमचा घेऊन गप्प बसायचं. बाळाने बोट दाखवलं तरच चमचा भरायचा, तोंड उघडलं तरच घालायचा आणि चेहऱ्यावर कौतुकही नको, नाराजीही नको. मुलांनी विचित्र जेवणं केली. कोणी नाश्त्याला काळीज आणि संत्र्याचा रस घेतला, कोणी रात्री नुसती अंडी, केळी आणि दूध. मुडदूस झालेल्या एका बाळाने समोर ठेवलेलं कॉड माशाचं तेल बरं होईपर्यंत स्वतःहून घेतलं आणि मग सोडून दिलं. सगळी मुलं चांगली वाढली. हा प्रयोग पुष्कळ जण "मुलाला काय हवं ते देत जा" असं सांगायला वापरतात. डेव्हिसबाईंनी १९३९ साली स्वतःच लिहून ठेवलं आहे, की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती: त्यात साखर नव्हती, मैदा नव्हता. बिस्किटाचा पुडा टेबलावर असता तर निकाल वेगळा लागला असता.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे कामाची जी वाटणी सुचवली, ती याच दिशेने जाते. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. आपल्या घरात ते का जमत नाही, हेही उघड आहे. दोन जेवणांच्या मध्ये एक बिस्कीट, मग अर्धा पेला दूध, मग शेजारच्या काकूंकडचा चिवडा, आणि जेवायच्या वेळी "याला भूकच नसते." दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी आणि जेवण अर्ध्या तासात संपवणं एवढं पाळलं तरी "न खाणारी" बरीच मुलं जेवायला लागतात. "लेकराला उपाशी ठेवणार का?" हा प्रश्न घरातून येणारच. तो विचारणाऱ्यांना सोबत वजनाचा आलेख दाखवायला न्यावं. अंगणवाडीतल्या माता-बाल संरक्षण कार्डावर तो असतो, आणि वजनाची रेघ आपल्या पट्ट्यात वर चढत असेल तर आजीचाही जीव भांड्यात पडतो.

बाटलीबंद भूकवर्धकांबद्दल एक सांगून ठेवतो. यातल्या पुष्कळ सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मूळचं ॲलर्जीवरचं औषध. भूक वाढणं हा त्याचा जोडपरिणाम आणि झोप येणं हा दुसरा. डॉक्टर काही ठरावीक मुलांना ते विचारपूर्वक देतातही. दुकानातून आपल्या मनाने आणायची ती वस्तू नव्हे.

आता दुसरी चूक. ती जास्त महागात पडते.

दूध पिताना कपाळावर घाम येतो, दोन घोट घेतले की बाळ दमून थांबतं, पुन्हा ओढतं, पुन्हा थांबतं: हे हृदयाच्या दोषाचं लक्षण असू शकतं. दर वेळी पिताना खोकला येतो, नंतर आवाज ओलसर, घरघरता होतो आणि वर्षातून दोन-तीनदा न्यूमोनिया होतो: अन्न श्वासनलिकेत उतरत असावं. काही मुलांमध्ये ते उतरतं आणि खोकलाही येत नाही, कारण घशाची जाणीवच मंद असते. तिथे वारंवार बिघडणारी छाती हा एकच सुगावा. बाळ भुकेने रडतं, पहिले घोट घेतं आणि कमान होऊन मागे झुकत किंचाळतं: अन्ननलिकेत आम्ल वर येऊन जळजळत असेल किंवा दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल. दूध नाकातून येतं: टाळू तपासायला हवी, कारण ओठ अखंड असूनही मागची टाळू दुभंगलेली असू शकते. एका जेवणाला रोज तासभर लागतो, ही गोष्ट एरवी कोणी लक्षण म्हणून सांगतही नाही. पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरी दिवसाचे कित्येक तास भरवण्यात जातात आणि तरी वजन हलत नाही.

काही कारणं याहून साधी आणि म्हणूनच नजरेआड राहणारी. जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला भूक लागत नाही. पोट साफ होऊ लागलं की तेच मूल ताट मागतं. रक्तक्षयाचंही तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयी आढळली, आणि महाराष्ट्र या सरासरीच्या किंचित वरच होता. लोह कमी झालं की भूक मरते आणि भूक मेली की लोह आणखी कमी होतं. त्यात "जेवत नाही तर निदान दूध तरी" म्हणून दिवसाकाठी लिटरभर गाई-म्हशीचं दूध दिलं जातं. त्या दुधात लोह नगण्य असतं आणि पोट मात्र भरलेलं राहतं. अर्ध्या लिटरवर दूध थांबवणं आणि आशाताई किंवा अंगणवाडीताई देतात ते लोहाचं सिरप नेमाने पाजणं, एवढ्यानेच भरवण्याचं भांडण मिटलेली घरं आहेत.

मग ज्यांचं दुखणं शरीरात सुरू झालं आणि मनात उरलं अशी मुलं. जन्मानंतरचे आठवडे नळ्यांत काढलेल्या बाळाला तोंडाजवळ येणारी प्रत्येक वस्तू त्रास देणारीच वाटत आलेली असते: नळी, चिकटपट्टी, कफ ओढायचं यंत्र. त्याच्या ओठांना चमचा लागला की ते मान फिरवतं, यात नवल नाही. एकदा घास अडकून गुदमरलेलं चार वर्षांचं मूल घट्ट काही खायचंच बंद करतं. स्वमग्न मुलांमध्ये वास, रंग किंवा स्पर्श असह्य झाल्याने पदार्थांची यादी पाच-सातवर आलेली दिसते आणि वरणात कोथिंबिरीचं एक पान दिसलं तरी ताट दूर जातं. खाणं टाळण्याच्या अशा गंभीर विकाराला मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र जागा मिळाली. २०१९ साली तज्ज्ञांच्या एका गटाने बालकांच्या भरवण्याच्या विकाराची व्याख्या केली. तिच्यात शारीरिक आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मनोसामाजिक बाजू अशा चारही गोष्टी एकत्र तपासायला सांगितल्या आहेत. मला या व्याख्येतली शेवटची बाजू विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती भरवणाऱ्यालाही हिशेबात घेते.

भरवणारी बहुतेक घरांत आई असते. मूल बारीक दिसलं की नातेवाईक मुलाकडे बघतात आणि प्रश्न तिला विचारतात. लग्नकार्यात "खायला देत नाहीस का गं?" हे हसत म्हटलं जातं, ती ते घरी घेऊन येते आणि पुढच्या जेवणाला चमचा जरा जोरात पुढे जातो. जोर केल्याने काय होतं, हे पेनसिल्व्हानियातल्या एका अभ्यासात मोजलं गेलं. पूर्वप्राथमिक वर्गातल्या मुलांना दोन सूप दिली. एकाच्या वेळी "सूप संपव बरं" असं पुन्हा पुन्हा म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच नाही. आग्रह नव्हता तिथे मुलांनी जास्त खाल्लं आणि नावंही कमी ठेवली. हा तर नुसता शब्दांचा आग्रह होता. आपल्याकडे बाळाला पायांवर आडवं घेऊन, नाक दाबून, तोंड उघडताच बोंडलं रिकामं करण्याची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. श्वासासाठी उघडलेल्या तोंडात पातळ पदार्थ ओतणं म्हणजे तो फुप्फुसात पाठवण्याची सोय करणं. चिऊ-काऊचे घास करून रमवत भरवणं वेगळं. त्यात मूल सामील असतं. मोबाइलवर गाणं लावून, मुलाच्या नकळत चमचे सारणं हे मात्र वेगळं. पोट भरल्याची खूण मुलाला कळेनाशी होते आणि काही महिन्यांनी पडद्याशिवाय तोंड उघडेनासं होतं.

उपचार कुठे मिळतो? बालरोगतज्ज्ञापासून सुरुवात करावी. गिळण्याचं काम पाहणारे तज्ज्ञ म्हणजे स्पीच थेरपिस्ट. "आमचं मूल बोलतं की, तिकडे कशाला?" असं म्हणून पुष्कळ पालक तिथे जातच नाहीत, पण बोलण्याचे आणि गिळण्याचे अवयव बरेचसे तेच आहेत. त्यांच्या जोडीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो. घास कुठे जातो हे पाहण्यासाठी गरज पडल्यास बेरियम मिसळलेलं अन्न देऊन गिळतानाची क्ष-किरण चित्रफीत घेतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरमधून झाली. त्यातली पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि दुभंगलेली टाळू, हृदयदोष किंवा विकासातला विलंब दिसला तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. ही तपासणी मोफत असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

थेरपिस्टकडचे पहिले धडे बहुधा खुर्चीचे असतात: पाठ ताठ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पाय लोंबकळत असतील तर धड डुलतं, आणि धड डुललं तर जबडा स्थिर राहत नाही. दुसरा धडा आपल्या समजुतीला धक्का देणारा आहे. घट्ट घास अडकतो आणि पाणी सहज उतरतं, असं आपण धरून चालतो. गिळण्याचा मेळ ढिला असलेल्या मुलासाठी पाणी सर्वांत धोक्याचं, कारण श्वासनलिकेचं तोंड मिटायच्या आत ते घसरतं. दाटसर पेज त्याला सावरते. पातळ वरणात तरंगणारी भाताची शितं तर आणखी अवघड: एकाच घासात पाणी आणि कण, दोन्हींचे नियम वेगळे. म्हणून अशा मुलासाठी वरण-भात एकजीव, मऊसर कालवायचा, आणि घास अडला की पाण्याच्या घोटाने तो ढकलायचा नाही. अन्न किती दाट हवं हे तपासून ठरतं. अंदाजाने करू नये. वजन वाढवायचं तर घास वाढवण्याआधी घासातली ऊर्जा वाढवावी: खिमटात तूप, पेजेत शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट, उकडीत अंड्याचा बलक.

घाबरलेल्या मुलाची प्रगती ताटात दिसायला वेळ लागतो. नको असलेला पदार्थ टेबलावर सहन होणं, मग बोटाने चिवडणं, मग हुंगणं, ओठांना लावणं, चाटून थुंकणं: यातली प्रत्येक पायरी चढण आहे आणि थुंकायची मुभा हवीच. नवी चव बहुतेक मुलांना आठ-दहा किंवा त्याहून जास्त वेळा समोर आल्याशिवाय आपली वाटत नाही. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" असं जाहीर करून मोकळे होतो. आणि डॉक्टरांनी नळीचा सल्ला दिला, मग ती नाकातली असो वा पोटावरून जठरात बसवलेली, तर घरात सुतकी चेहरे होतात. नळी पोषणाचं ओझं उचलते, त्यामुळे तोंडाला जबरदस्तीविना शिकायला मोकळीक मिळते. ती असतानाही चव आणि सोबत बसून जेवणं, डॉक्टरांना विचारून, चालू ठेवता येतं. ते सुटलं तर नळी काढणं मात्र लांबतं.

दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मूल जेवून दाखवत नाही. म्हणून जाण्यापूर्वी घरातलं एक आख्खं जेवण मोबाइलवर चित्रित करावं, सुरुवातीपासून ते "पुरे" होईपर्यंत. मुलाचं तोंड आणि छाती दिसली पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे, आणि भरवणाऱ्याचा हातही चौकटीत हवा. सोबत वजनाचं कार्ड, आणि तीन दिवसांत काय, किती वाजता, किती वेळ घेऊन खाल्लं याची साधी नोंद. त्यात मधलं बिस्कीट आणि रात्रीची दुधाची बाटलीही लिहावी.